स्मोकपिंग: दीड वर्ष वापरून झाल्यावर लिहितोय, शाखांच्या लाइनीवर नजर ठेवायची असेल तर वाचा

स्मोकपिंग म्हणजे नेटवर्कची लाइन कधी आणि किती अडकली याची सतत नोंद ठेवून ग्राफ काढणारं टूल. आधी मी हे कुठं वापरतोय ते सांगतो, कारण टूल तेच असलं तरी जागा बदलली की अनुभव बदलतो. कराडला एका पतसंस्थेचं नेटवर्क मी बघतो. हेड ऑफिस कराडात आणि शाखा उंब्रज, मसूर, ओगलेवाडी, मल्हारपेठ, पाटण, ढेबेवाडी अशा सहा, सीबीएसचा (खाती आणि व्यवहार सांभाळणाऱ्या कोअर बँकिंग सॉफ्टवेअरचा) सर्व्हर हेड ऑफिसला आणि सगळ्या शाखा व्हीपीएन टनेलनं, म्हणजे इंटरनेटमधनंच जाणाऱ्या बंद खाजगी वाटेनं, त्याला जोडलेल्या. त्यामुळं लाइन अडकली की पासबुक घेऊन काउंटरवर उभी असलेली माणसं अडकतात, संध्याकाळी पिग्मी एजंटांची मशीन जमा व्हायला येतात ती अडकतात आणि डे एंड, म्हणजे दिवसाचा हिशेब बंद करणं, रात्री नऊपर्यंत लांबतो.

दीड वर्षापूर्वीपर्यंत माझा दिवस असा जायचा की ढेबेवाडीच्या कॅशियर मॅडमचा फोन, "दादा, सर्व्हर गेला बघा." मी लगेच काळी खिडकी उघडून पिंग मारायचो, म्हणजे छोटी पाकिटं पाठवून उत्तर येतंय का आणि किती वेळात ते बघायचो, चार पाकिटं जायची, चार यायची, अकरा मिलिसेकंद, एकदम झकास. "मॅडम, येतंय की." "आता आलं हो, पण मगाशी पाच मिनिटं नव्हतं." लाइनवाल्या कंपनीला फोन केला तर तिकडचा मुलगाही तेच म्हणणार, सर आमच्याकडनं पिंग ओके आहे. आणि तो खोटं बोलत नसायचा, त्या क्षणाला पिंग खरंच ओके असायचं. भांडण "मगाशी"चं होतं आणि मगाशीचा पुरावा कुणाकडंच नव्हता.

स्मोकपिंग हा पुरावा ठेवतं. ते दर काही मिनिटांनी प्रत्येक होस्टला, म्हणजे नेटवर्कवरच्या ज्या मशीनवर नजर ठेवायची त्याला, एका दमात वीस पिंग मारतं, वीसपैकी किती परत आले आणि किती वेळात आले ते साठवतं आणि त्याचा ग्राफ काढतं. वीस उत्तरांचा मधला आकडा म्हणजे एक रेघ, आणि बाकीची उत्तरं त्या रेघेच्या वरखाली जितकी पसरलीत तितका राखाडी धूर, म्हणून नाव स्मोक. लाइन निरोगी असली तर बारीक हिरवी रेघ, धूर नाहीच. लाइनवर ताण आला की रेघेभोवती धूर चढायला लागतो. पाकिटं गळायला लागली की रेघेचा रंग बदलतो, एक गळालं की आकाशी, दोन गळाली की निळी, मग जांभळी, आणि जवळजवळ सगळी गेली की लाल. हे एकदा डोळ्यात बसलं की ग्राफ बघून सेकंदात कळतं कुठली शाखा आजारी आहे.

बनवणारा माणूस टोबियास ओटिकर, स्वित्झर्लंडचा, ज्यानं एमआरटीजी (नेटवर्कवरच्या ट्रॅफिकचे ग्राफ काढणारं) आणि आरआरडीटूल (मापं साठवून त्यांचे ग्राफ काढणारं) लिहिलं तोच. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, पर्लमधे लिहिलेलं आहे. प्रत्यक्ष पिंग मारायचं काम ते स्वतः करत नाही, एफपिंग नावाच्या छोट्या प्रोग्रामकडनं करून घेतं. हे एफपिंग सुद्धा लय कामाचं आहे, १९९२ मधे स्टॅनफर्डला रोलंड शेमर्सनं लिहिलेलं. साधं पिंग एका होस्टला धरून बसतं, एफपिंग शेकडो होस्टांना आळीपाळीनं पाकिटं सोडत जातं आणि उत्तरं येतील तशी गोळा करतं. नुसतं एफपिंगला मायनस ए मायनस जी देऊन शाखेचं अख्खं सबनेट, म्हणजे तिथल्या पत्त्यांचा पट्टा, दिला तरी दोनशे चोपन्न पत्त्यांतले जिवंत कोण ते काही सेकंदात सांगतं, नवीन शाखेत गेलो की मी पहिलं हेच चालवतो.

इन्स्टॉल करणं सोपं. ऑफिसात पडून असलेल्या एका जुन्या डेस्कटॉपवर डेबियन १२ (लिनक्स) टाकलं, त्याच्या ॲप्ट या इन्स्टॉलरनं स्मोकपिंग घेतलं, ते सोबत एफपिंग घेऊन आलं. पान दाखवणाऱ्या अपाची वेब सर्व्हरचं सीजीआय मॉड्यूल माझ्याकडं चालू नव्हतं त्यामुळं पान उघडेना, ते चालू करून अपाची रीस्टार्ट केल्यावर उघडलं. इथपर्यंत अर्धा तास. खरी गंमत कॉन्फिगमधे आहे आणि मला हा रिव्ह्यू लिहायचा होता तो त्याच्यासाठीच, कारण बरेच जण इन्स्टॉल करतात, चार होस्ट टाकतात, ग्राफ दिसला की खूश होतात आणि नंतर म्हणतात की यात आमचा प्रॉब्लेम दिसतच नाही. दिसत नाही कारण दिसेल असं लावलेलं नसतं.

डेबियनवर कॉन्फिगच्या आठ छोट्या फाइली असतात, त्यातल्या कामाच्या चार, डेटाबेस (किती वेळानं मोजायचं, किती साठवायचं), प्रोब्स (कशानं मोजायचं), टार्गेट्स (कुणाला मोजायचं) आणि अलर्ट्स (निरोप कधी द्यायचा). सुरुवात डेटाबेसपासून करा, टार्गेट्सपासून नको. तिथं दोन आकडे आहेत, स्टेप ३०० आणि पिंग्ज २०. म्हणजे ३०० सेकंदांत एकदा २० पिंग. आता हे वीस पिंग एका होस्टला साधारण सेकंदाला एक असे जातात, म्हणजे वीस सेकंदांत काम संपलं, उरलेली २८० सेकंद त्या होस्टकडं कुणी बघतच नाही. शाखेची लाइन अडीच मिनिटं गेली आणि दोन फेऱ्यांच्या मधे गेली तर ग्राफवर स्वच्छ हिरवी रेघ येणार. माझ्याकडं पहिल्या आठवड्यात हेच झालं, मॅडम म्हणतायत लाइन गेली होती आणि ग्राफ म्हणतोय काहीच झालं नाही, आणि मी ग्राफवर विश्वास ठेवला. मॅडम बरोबर होत्या. मी स्टेप ६० केला.

पण स्टेप बदलला की दोन गोष्टी होतात. एक, आधी तयार झालेल्या आरआरडी फाइली (मापं यातच साठतात) नव्या आकड्याशी जुळत नाहीत आणि स्मोकपिंग चालू व्हायलाच नकार देतं, एक तर फाइल डिलीट करा नाहीतर कॉन्फिग पूर्वीसारखं करा म्हणून. पिंग्जचा आकडा बदलला तरी तेच. माझा पहिल्या आठवड्याचा डेटा असाच गेला. म्हणून हे दोन आकडे पहिल्याच दिवशी ठरवून टाका. दुसरं, त्याच फाइलीत खाली तपशीलवार नोंदी किती ठेवायच्या ते लिहिलेलं असतं, माझ्याकडं २८८०० होतं. पाच मिनिटांच्या स्टेपला ते शंभर दिवस पुरतं, एक मिनिटाच्या स्टेपला फक्त वीस दिवस, त्याच्या पुढचं सरासरीत विरघळतं आणि सरासरीत बारीक दुखणी दिसेनाशी होतात. मी ८६४०० केलं, म्हणजे साठ दिवस. आरआरडीची फाइल पहिल्या दिवशी जेवढी तेवढीच शेवटपर्यंत राहते, त्यामुळं डिस्क भरेल ही भीती नाही.

आता टार्गेट्स. लिहायची पद्धत साधी आहे, एक प्लस म्हणजे विभाग, दोन प्लस म्हणजे त्याच्या पोटातला होस्ट, आणि प्रत्येकाखाली मेनू, टायटल आणि होस्टचा पत्ता. नावात स्पेस चालत नाही. हे नाव फार विचार करून द्या, कारण त्याच नावानं डिस्कवर फोल्डर आणि आरआरडी फाइल तयार होते. मी तीन महिन्यांनी सगळं नीटनेटकं करायला घेतलं, ढेबेवाडीला पाटण तालुक्याच्या नव्या विभागात हलवलं आणि बघतो तर ढेबेवाडीचा इतिहास कोरा! छातीत धस्स झालं. डेटा गेला नव्हता, जुनी फाइल जुन्या फोल्डरमधे तशीच होती, ती उचलून नव्या फोल्डरमधे ठेवली, मालकी स्मोकपिंग यूझरची आहे ना ते बघितलं आणि सर्व्हिस परत चालू केली तेव्हा सगळं दिसलं.

कुठले होस्ट टाकायचे यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तो वसूल झाला. नुसता शाखेच्या पीसीचा पत्ता टाकला तर तो लागत नाही एवढंच कळतं, कुठं तुटलंय ते कळत नाही. म्हणून मी प्रत्येक शाखेचा रस्ता पायरी पायरीनं टाकला. पहिली पायरी आमच्याच हेड ऑफिसचा राउटर, मग लाइनवाल्याचा पहिला राउटर, मग शाखेचा स्टॅटिक आयपी (इंटरनेटवरचा न बदलणारा पत्ता), मग टनेलच्या आतला पत्ता आणि शेवटी शाखेतला एक पीसी. शिवाय बाहेरचे दोन, गूगलचा ८.८.८.८ आणि क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१. आता सगळ्यांवर एकदम लॉस (पाकिटं गळणं) दिसला तर दुखणं हेड ऑफिसच्या बाजूला, स्टॅटिक आयपी चांगला पण टनेल वाईट तर व्हीपीएन बघायचं, टनेल चांगला आणि पीसी गायब तर शाखेतला स्विच किंवा कुणीतरी पायानं उपटलेली केबल.

यात दोन ठिकाणी फसायला होतं. लाइनवाल्याच्या मधल्या राउटरवर वीसपैकी तीन चार पिंग गळताना दिसतात आणि माणूस लगेच फोन उचलतो. थांबा, त्याच्या पुढचा शाखेचा पत्ता बघा. तो जर स्वच्छ असेल तर रस्ता ठीक आहे, मधला राउटर स्वतःला आलेल्या पिंगांना उत्तर द्यायला कंटाळा करतोय एवढंच, कारण पुढं पाकिटं पाठवणं हे त्याचं मुख्य काम आणि पिंगला उत्तर देणं त्याच्या लेखी शेवटचं काम. आणि दुसरं विंडोजचं. शाखेतला पीसी चालू, त्यावर काम चाललेलं, तरी पिंगला उत्तर नाही, कारण विंडोजचं फायरवॉल ते अडवतं. इनबाउंड रूल्समधे 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग'च्या नावाखाली एको रिक्वेस्टचा, म्हणजे पिंगचाच, जो आयसीएमपीव्ही४ चा नियम आहे तो चालू करायचा आणि फक्त आपल्या टनेलच्या रेंजपुरता ठेवायचा. अख्खं फायरवॉल बंद करून टाकणारे लोक मी पाहिलेत, पतसंस्थेच्या मशीनवर असं कृपा करून करू नका.

अजून एक सांगायचं राहिलं, ग्राफमधे लाल दिसलं म्हणजे लाइन पूर्ण गेली असं समजू नका. वीसच्या वीस पिंग गेले तर मधला आकडाच निघत नाही, त्यामुळं रेघच येत नाही, तिथं पांढरी मोकळी जागा दिसते. आणि स्मोकपिंगचा पीसीच बंद पडला तरी तशीच मोकळी जागा. मग फरक कसा कळणार? म्हणून पहिली पायरी आमच्याच राउटरची ठेवली, तिथंही त्याच वेळेला पांढरं असेल तर आमच्याकडं वीज गेली होती, तिथं हिरवं असेल तर शाखाच गेली होती.

प्रोब्सच्या फाइलीत एफपिंगचा रस्ता दिला की काम होतं, पण एक गोष्ट मला इथं खूप उपयोगी पडली ती सांगतो. एकाच एफपिंगच्या पोटात दोन प्रोब करता येतात, एक नेहमीचं ५६ बाइटचं आणि एक मोठ्या पाकिटाचं. मी दुसऱ्याला पॅकेटसाइझ १४०० दिलं आणि ऑफसेट वेगळा ठेवला म्हणजे दोन्ही एकदम सुटत नाहीत. ढेबेवाडीचं कोडं यानंच सुटलं. छोट्या पाकिटांचा ग्राफ बहुतेक हिरवा, मधूनच एखादा आकाशी ठिपका, आणि मोठ्या पाकिटांचा ग्राफ दुपारी बारानंतर निळा, दोन वाजता जांभळा, संध्याकाळी पाचनंतर परत हिरवा. रोज! सीबीएसची स्क्रीन मोठी पाकिटं पाठवते, लाइनवाल्याचं पिंग छोटी पाठवतं, म्हणून त्याचं ओके आणि आमचं अडकलेलं. ज्या लाइनवर मधूनच एखादा बिट खराब होतो तिथं पाकीट जितकं लांब तितकी त्यात खराब बिट सापडायची शक्यता जास्त, आणि एक बिट खराब म्हणजे अख्खं पाकीट फेकलं जातं.

तीन आठवड्यांचे दोन्ही ग्राफ एकाखाली एक लावून ए४ वर कलर प्रिंट काढली आणि लाइनवाल्याचा फील्डवरचा मुलगा आला तेव्हा त्याच्या हातात दिली. त्यानं दोन मिनिटं बघितलं, दुपारच्या जांभळ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "साहेब, हे उन्हाचं आहे, तापलं की ढिलं होतंय कुठंतरी." दुसऱ्या दिवशी शिडी घेऊन गेला, शाखेजवळच्या खांबावरचा डबा उघडला, आतलं कनेक्टर हलत होतं आणि त्यावर हिरवट गंज चढला होता. तो तुकडा कापून नवीन लावला. त्या दिवशीच्या ग्राफवर पावणेचार वाजता जांभळं संपून हिरवं सुरू झालेलं दिसतं, तो ग्राफ मी जपून ठेवलाय. मुलगा चांगला होता, आधी त्याला शोधायचं काय हेच कुणी सांगितलं नव्हतं.

आणि दुखणं प्रत्येक वेळी लाइनवाल्याचंच असतं असं नाही हेही यातच दिसलं. पाटण शाखेत अकराच्या सुमारास धूर चढायचा, लॉस नाही पण नऊ मिलिसेकंदांचे दीडशे दोनशे व्हायचे, रविवारी मात्र काही नाही. मी कंपनीच्या नावानं तक्रार टाकायला निघालो होतो. मग शाखेतल्या राउटरवर बघितलं तर सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग क्लाउडवर चढायला लागायचं आणि अपलोड पूर्ण भरून टाकायचं, शाखा उघडली, माणसं हलायला लागली की कॅमेऱ्याचा मोशन सुरू, म्हणून वेळ अकराची आणि रविवारी शांत. कॅमेऱ्याच्या अपलोडला मर्यादा घातली, धूर गेला.

अलर्ट्सबद्दल मी थोडा नाराज आहे. सोबत जो नमुना येतो, समलॉस नावाचा, त्याच्यावर कॉमेंट लिहिलीय की सलग तीन वेळा लॉस झाला की मेल येईल. पॅटर्न नीट वाचला तर तसं नाहीये, तीन लॉसच्या मधे दोनदा *१२* असं लिहिलंय, त्याचा अर्थ मधली बारापर्यंत मापं सोडून दे. म्हणजे पाच मिनिटांच्या स्टेपला तास दोन तासांत इकडं तिकडं तीनदा एकेक पाकीट गळालं तरी मेल. पहिल्या दोन दिवसांत एवढे मेल आले की मी बघायचंच सोडलं, आणि ज्या अलर्टकडं माणूस बघत नाही तो नसल्यासारखाच. आता माझा पॅटर्न असा आहे की लागोपाठ तीन मापं वीस टक्क्यांच्या वर. शिवाय एजट्रिगर यस केलं, म्हणजे बिघडलं तेव्हा एक आणि सुधारलं तेव्हा एक, एवढेच दोन निरोप येतात. आणि मेलच्या ऐवजी 'टू' या ओळीत पत्त्याच्या जागी उभी रेघ देऊन एका छोट्या स्क्रिप्टचा रस्ता दिला, ती स्क्रिप्ट टेलिग्रामवर टाकते. नवीन माणसाची हमखास होणारी चूक म्हणजे अलर्ट्सच्या फाइलीत अलर्ट लिहिला पण टार्गेट्समधे त्या होस्टखाली त्याचं नाव दिलंच नाही, मग काहीच येत नाही आणि कुठं एररही दिसत नाही.

बदल केला की सर्व्हिसला हात लावण्याआधी स्मोकपिंग डॅश डॅश चेक चालवा, सिंटॅक्स ओके आलं तरच रीलोड. एकदा मी प्लस एक कमी दिला आणि न तपासता रीस्टार्ट केलं, सर्व्हिस रात्रभर बंद होती, आणि नेमकी त्याच रात्री मसूरची लाइन गेली.

वाईट गोष्टी पण सांगतो. दिसायला जुनं आहे, मोबाइलवर बघायला त्रास होतो, ब्राउझरमधनं एकही होस्ट जोडता येत नाही, सगळं फाइलीत हातानं. डॉक्युमेंटेशन सविस्तर आहे पण माहिती असलेल्यालाच समजेल असं लिहिलंय. ज्याला फक्त वेबसाइट चालू आहे का बंद एवढंच बघायचंय त्यानं अपटाइम कुमा घ्यावं, डॉकरवर पटकन उभं राहतं, दिसायला सुंदर, मी स्वतः संस्थेच्या वेबसाइटसाठी तेच ठेवलंय. पण लाइनीची तब्येत दाखवण्यात स्मोकपिंगच्या जवळपास मला तरी दुसरं काही सापडलं नाही. आणि पिंग येतंय म्हणजे सीबीएस चालतंय असं नाही हे लक्षात ठेवा, सर्व्हर पिंगला उत्तर देत राहतो आणि त्यावरचं सॉफ्टवेअर मेलेलं असतं. त्यासाठी मी कर्लचा (वेबपान मागवून बघणारा) प्रोब वेगळा लावलाय, तो लॉगिनचं पान खरंच उघडतंय का आणि किती वेळात ते मोजतो.

साध्या पिंगला चाळीस वर्षं होऊन गेली. माइक म्यूसनं डिसेंबर १९८३ मधे अमेरिकेच्या लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत ते लिहिलं, त्यांचं नेटवर्क विचित्र वागत होतं म्हणून, आणि नाव ठेवलं पाणबुडीच्या सोनारच्या आवाजावरनं. माझं नेटवर्क विचित्र वागत होतं तेव्हा तेच पाकीट कामाला आलं, फक्त ते मोजून, साठवून, रंगवून दाखवणारं कुणीतरी लागत होतं. पाचपैकी साडेचार देतो, अर्धा अलर्टच्या त्या नमुन्यासाठी कापला.

पुढच्या महिन्यात कोयनानगरला सातवी शाखा सुरू होतेय. टनेलचा पत्ता आम्हीच ठरवतो त्यामुळं लाइन यायच्या आधीच टार्गेट्समधे टाकून ठेवलाय, छोट्या पाकिटाचा आणि मोठ्या पाकिटाचा पण. सध्या दोन्हीकडं पांढरं आहे. तिकडचा पाऊस बघता पहिल्या दिवसापासूनच नोंद हवी, म्हणजे जुलैत काय झालं हे जुलैच्याच ग्राफवर दाखवता येईल.